वेळेबाहेरचा भोंगा

भीमाबाई ऑस्ट्रेलियाहून परत आली तेव्हा नागपूरजवळच्या बेसाच्या सोसायटीतल्या, संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या बायकांना महिनाभर पुरेल एवढा मालमसाला मिळाला. तिथल्या भेंडीचा भाव, कुत्र्याची घाण स्वतःच्या हातानं उचलणारे गोरे साहेब, कपडे वाळत घालायला मागचं अख्खं अंगण, सगळं तिनं रंगवून सांगितलं. कांगारू तिनं एकदाच पाहिला होता, तोही रस्त्याच्या कडेला मरून पडलेला. पण सांगताना तो जिवंत झाला आणि चार उड्याही मारून गेला. एवढी बोलणारी बाई नातीच्या शाळेतल्या खेळांच्या दिवसाबद्दल मात्र चकार शब्द काढायची नाही. खालच्या मजल्यावरच्या पुष्पलतानं एकदा खोदून विचारलं, तर "कढी उतू जाऊन राह्यली असंन वं" म्हणून भीमाबाई उठूनच गेली. गॅसवर कढी नव्हती, हे पुष्पलतालाही माहीत होतं.

भीमाबाईच्या वडिलांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली आणि घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर भूतखेत, उतारे, अंगात येणं, सगळं उंबऱ्याबाहेर काढलं. त्या घरात जन्मलेली ही पोर अंधाराला कधी भ्यायली नाही. लग्न होऊन सावनेरजवळच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत आली तेव्हा शेजारणी सांगायच्या, की खाणीत मेलेली माणसं पहाटे पाळीवर जाताना दिसतात. ही हसायची. "मेलेल्याले पगार कोन देते वं?" म्हणायची. पण माणसाच्या मागे लागायला भूतच पाहिजे असं थोडंच आहे? भीमाबाईच्या मागे एक आवाज लागला, आणि आवाजाला उंबऱ्याबाहेर काढायची युक्ती वडिलांनी शिकवली नव्हती.

खाणीचा भोंगा पाळी बदलताना वाजायचा. त्याच्यावर कॉलनीतल्या चुली पेटायच्या, पोरं उठायची, डबे भरायचे. तो वेळेबाहेर वाजला की मात्र एकच अर्थ. मग बायका हातातलं टाकून खाणीच्या तोंडाकडे पळायच्या. तव्यावरची भाकर तव्यावर राहायची. कोण सापडलं, हे कुणी कुणाला विचारत नसे. ते तिथं गेल्यावरच कळायचं, आणि जिचा माणूस धड वर यायचा ती दुसरीला सावरायला थांबायची.

भीमाबाईचा नवरा प्रेमानंद पहिल्या पाळीत होता त्या दिवशी. मुलगा प्रीतम दहा वर्षांचा. त्याला चांगलं शिकवायचं म्हणून कॉलनीतली शाळा सोडून सावनेर गावातल्या शाळेत घातलेलं. शाळेत खेळांचा दिवस होता आणि भीमाबाई नवी साडी नेसून बसनं गेली होती. कॉलनीतलं दुसरं कुणी तिथं नव्हतं. प्रीतम शेवटच्या शर्यतीसाठी चुन्याच्या रेघेवर उभा राहिला, आणि वाऱ्यावरून भोंग्याचा आवाज आला. लांबून, बारीक, वेळेबाहेर. गावच्या लोकांना त्याचं काय? कुणी मानसुद्धा वळवली नाही. भीमाबाई अर्धवट उठली. भिंतीपलीकडे कॉलनीची बस उभी होती, इंजिन सुरू होतं. रेघेवरून प्रीतमनं तिच्याकडे पाहिलं आणि हाताचा पंजा पुढे केला. थांब.

ती थांबली. शर्यत होऊन होऊन किती वेळाची? पण तेवढ्यात बस गेली. दुसरी मिळेपर्यंत तास गेला. भीमाबाई पोराचा हात धरून खाणीवर पोचली तेव्हा प्रेमानंदवर चादर घातलेली होती. छत कोसळलं होतं. वर काढल्यावर थोडा वेळ तो होता, शेजारच्या बायजाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून.

"स्पीकर लागला होता शाळेत, मले भोंगा ऐकूच नाही आला," भीमाबाईनं सगळ्यांना सांगितलं. लोकांच्या जिभेला हाड नसतं. नवरा तिकडं जाऊन राह्यला अन् बाई इकडं खेळ पाहून राह्यली, असं तिच्या पाठीमागे नाही, तोंडावर बोलले. तिनं गिळलं. कारण ऐकला म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग थांबली काहून? आणि त्याचं उत्तर दहा वर्षांच्या पोराच्या हातावर येऊन पडलं असतं. प्रीतमनं भोंगा ऐकून हात केला, की नुसतंच 'माही शर्यत पाह्य' म्हणून, हे तिला कधी कळलं नाही. तिनं विचारलं नाही. नसेल ऐकला, तर विचारल्यानं ते ओझं त्याच्या डोक्यावर बसेल. मेलेला माणूस गेला. जित्या पोराला हे कळू नये, एवढा एकच ध्यास तिनं आयुष्यभर धरला.

नवऱ्याच्या जागेवर तिला खाणीच्या ऑफिसात पाणी द्यायचं काम लागलं. म्हणजे ज्या भोंग्यानं घर मोडलं त्याच्याच सावलीत पोटाला भाकर. निवृत्त होईपर्यंत रोज तो ऐकला. प्रीतम शिकला, इंजिनीअर झाला, बेसाला आईसाठी फ्लॅट घेऊन परदेशात गेला. त्या दिवसानंतर तो कुठल्या शर्यतीत म्हणून उतरला नाही. पाय दुखतो म्हणायचा. बेसात खाण नाही, भोंगा नाही. तरी भर दुपारी भाजी निवडता निवडता भीमाबाईचे हात थांबायचे आणि ती कान टवकारून बसायची.

तर ऑस्ट्रेलियात भीमाबाई सून मायाच्या आग्रहावरून गेली होती, सहा महिन्यांसाठी. नात रोशनी नऊ वर्षांची. मराठी बोलायची, पण एकेक शब्द जपून, पाण्यातून चालल्यासारखी. खेळांच्या दिवशी मायाची दवाखान्यात ड्युटी होती, म्हणून प्रीतम आणि आजी गेले. प्रीतम सकाळपासून गप्प होता. भीमाबाईला वाटलं, कामाचा ताण असेल.

मैदान हिरवंगार, पोरांच्या डोक्यावर रंगीत टोप्या, आईबाप घरून खुर्च्या घेऊन आलेले. एकानं तर कुत्राही आणला होता, आणि तो सगळ्यांत मन लावून पाहत होता. भीमाबाई स्वेटरवर शाल घेऊन बसली. आधीच्या शर्यती शिट्टीवर झाल्या. तिला बरं वाटत होतं. ऊन कोवळं होतं आणि रोशनी लांबून हात हलवत होती. मग मोठ्या शर्यतीची वेळ आली. पोरं लांबवर पांगलेली, शिट्टी ऐकू जायची नाही, म्हणून एका मास्तरीणबाईनं हातात एक डबी घेतली. मुठीत मावेल एवढी. रोशनी रेघेवर उभी राहिली, आणि बाईंनी बटण दाबलं.

भोंगा वाजला.

भीमाबाई उठली ती पळतच सुटली. शाल पडली, एक चप्पल गेली. बासष्टीतली बाई, गुडघे वर्षभर कुरकुर करणारे. ती रंगीत टोप्यांमधून, आखलेल्या रेघा तुडवत मैदान ओलांडून फाटकाकडे निघाली. लोकांना वाटलं आजी शर्यतीत उतरली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तिला ऐकू गेल्या नाहीत. तिला इंजिनाचा आवाज येत होता.

फाटकाबाहेर प्रीतमनं तिला गाठलं आणि दंड धरला. "आई, थांब! थांब ना!"

"सोड मले. बस निघून जाईन."

मग तिनं रस्ता पाहिला. झाडांखाली ओळीनं उभ्या गाड्या, कोणी माणूस नाही, बस तर नाहीच. ती भानावर आली. आणि पहिला विचार आला तो पोराला सावरण्याचाच.

"तू काहून आला गा? पोरीची शर्यत सुरू झाली, जाय. मले काही नाही झालं. जरा चक्कर आली."

प्रीतम हलला नाही. आणि तेवढ्यात फाटकातून रोशनी आली. धापा टाकत, छातीवर नंबराचा कागद, टोपी हातात.

"आजी, कुणाला लागलं?"

"तू काहून आली वं शर्यत सोडून?" भीमाबाई ओरडलीच.

"तू पळालीस ना," रोशनी म्हणाली. "मला वाटलं, कुणाला तरी लागलं."

एवढं साधं. रेघेवर उभ्या पोरीनं भोंगा ऐकला, आजीला पळताना पाहिलं, आणि शर्यत टाकून ती मागोमाग आली. प्रीतमनं लेकीकडे पाहिलं आणि तो फुटपाथच्या कडेला बसला.

"आई, मी पन ऐकला होता."

भीमाबाईला समजलं तो कशाबद्दल बोलतो आहे. तरी तोंडातून सवयीचंच आलं. "स्पीकर लागला होता बापू त्या दिवशी. कोनाले ऐकू—"

"नोता लागला. सकाळपासून लाईट गेली होती. मास्तर शिट्ट्या वाजवून राह्यले होते." त्यानं वर पाहिलं नाही. "भोंगा ऐकून मीनं तुले हात केला. बाबा खाली हायेत हे मले माहीत होतं, तरी केला. अन् तू लोकायले स्पीकरचं सांगितलं, तवाच मले समजलं, तू माह्यासाठी खोटं बोलून राह्यली. मंग मी काय बोलू?"

झाकली मूठ म्हणून जी भीमाबाईनं जन्मभर आवळून धरली, ती पोरानं पहिल्याच दिवशी पाहिली होती. त्याला ओझं होऊ नये म्हणून ती खोटं बोलली, आणि त्या खोट्यामुळेच तो ते ओझं एकट्यानं वाहत राहिला. एका घरात, एका ताटात जेवत, दोघांनी एकच आवाज वेगवेगळा ऐकला. ती रडली नाही. तिला स्वतःचा राग आला, फार राग आला.

ती त्याच्याजवळ खाली बसली. रोशनी काही न समजून आजीच्या खांद्याला चिकटली.

"एक गोष्ट मीनं तुले नाही सांगितली," भीमाबाई म्हणाली. "सांगितली असती तं सारंच सांगा लागलं असतं. बायजाबाईच्या मांडीवर होता ना तुहा बाप, तं त्यानं माह्याबद्दल नाही विचारलं."

"मंग?"

"तुह्याबद्दल विचारलं. पोट्टा कितवा आला, म्हने. दोनदा विचारलं. बायजाबाईले काय माहीत? तिनं पानी पाजलं."

मैदानावर शर्यत संपली असावी, टाळ्या वाजत होत्या. प्रीतमनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्यानं हात काढले आणि मान वर केली. समोर कोणी नव्हतं.

"दुसरा," तो म्हणाला. "दुसरा आलो, बाबा."