ताईचा बोळ आणि माझं इंग्रजी

हे मी सुनंदाला सांगितलेलं नाही. बायकोपासून लपवलेली गोष्ट आमच्या घरात आठवडाभरसुद्धा टिकत नाही — ही टिकली. मुलीला नाही, इथल्या, कॅनडातल्या ब्रॉसार्डच्या आमच्या रविवारच्या कंपूला तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसांत माझी थोडी अब्रू आहे.

आधी स्वभाव सांगतो — मला मधला माणूस खपत नाही. आंब्याची पेटी मी थेट घाऊक व्यापाऱ्याकडून आणतो. निम्मे आंबे नासके निघतात, पण थेट आणल्याचं समाधान असतं. बेसमेंटचं प्लंबिंग मी स्वतः केलं. नंतर प्लंबर बोलवावा लागला, ते वेगळं. नोकरीभर मी विमानांची चाकं उतरताना नीट उघडावीत याची आकडेमोड केली आणि ती दर वेळी उघडली. अशा माणसाला वाटायला लागतं — आपल्याला काय येत नाही?

ताई माझी थोरली बहीण. इंग्लंडात लेस्टरला असते, दाजी गेल्यापासून एकटी. तिच्या आणि शेजारच्या घरामधून एक बोळ मागच्या अंगणात जातो. लग्न होऊन गेली तेव्हापासून ती त्याच बोळातून कचऱ्याचा चाकांचा डबा रस्त्यावर नेत आली. मी रिटायर झालो त्या सुमारास, म्हणजे २०१६ साली, शेजारी नवा मालक आला आणि त्याने बोळाला फाटक लावून कुलूप ठोकलं. जागा कागदोपत्री त्याचीच होती. झालं — ताईचा डबा स्वयंपाकघरातून, देवघरासमोरून, दिवाणखान्यातून पुढच्या दाराशी जायला लागला. डबा जाईपर्यंत ती देवांवर रुमाल टाकायची.

तिला देवळाजवळचा एक गुजराती सॉलिसिटर करायचा होता. चहा पाजतो, नीट समजावतो, म्हणाली. ताई पूर्वी होजियरीच्या कारखान्यात होती. तिचं गुजराती फर्मास आणि इंग्रजी कामापुरतं. पण मी ऐकतोय होय? इंग्लंडात पूर्वी बॅरिस्टरकडे थेट जाता यायचं नाही, आधी सॉलिसिटर गाठावा लागायचा. आता थेट जाता येतं, हे मी इंटरनेटवर वाचलं होतं. मधला माणूस नाही! आणि बॅरिस्टर! आमचे वडील हा शब्द नुसता उच्चारतानासुद्धा ताठ बसायचे. मी बेसमेंटमध्ये ताठ बसलो आणि स्काइपवर बॅरिस्टर नेमला.

नेमली. माझ्या मुलीच्या वयाची, शांत, हसरी. तिने स्वच्छ सांगितलं — मी सल्ला देईन आणि कोर्टात बोलेन; पण सॉलिसिटरचं काम, कागद जमवणं, कोर्टात दाखल करणं, ते तुम्हाला करावं लागेल. जमेल? मी विमानांचा विषय काढला. मग तिने मुद्दा समजावला. कुणालाही न विचारता वर्षानुवर्षं वाट वापरली, तर त्या वाटेवर हक्क मिळतो. परवानगी घेऊन वापरली, तर मिळत नाही. मी मान डोलावत होतो. बाहेरचा बर्फ शोव्हलने उपसून आलो होतो, वर टाय आणि खाली स्नो पँट. कॅमेऱ्यात टायच दिसावा याकडे सगळं लक्ष. मान डोलावताना मी किती ऐकतो, ते सुनंदाला विचारा.

ताईने फोनवर मराठीत जबानी सांगितली, मी तिचं इंग्रजी केलं, बॅरिस्टरने त्याची काटछाट केली. उरलं काय? मी कुणाला विचारलं नाही. कुणी अडवलं नाही. ती आमची वाट होती. — हे बॅरिस्टरचं इंग्रजी? चौथीतलं पोर लिहील असं. आणि 'कुणाला विचारलं नाही' म्हणजे काय? शेजारणीकडून चार मिरच्या आणायच्या तरी विचारून आणणारी माझी बहीण. उद्धट दिसलं असतं हो. म्हणून मी ते वाक्य काढलं आणि लिहिलं — 'विथ द काइंड परमिशन ऑफ अवर एस्टीम्ड नेबर्स'. शाळेपासून प्रत्येक अर्जात हेच लिहीत आलो. आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. सहीला ताईकडे पाठवलं. वाचू का रे सगळं, तिने विचारलं. वाचायचं काय त्यात, सही कर आणि दे धाडून, मी म्हणालो.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पण इथपर्यंत नुसता मूर्खपणा होता, आणि नुसत्या मूर्खपणासाठी मी तुमचा वेळ घेतला नसता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी बॅरिस्टरचा फोन आला. परवानगीचं वाक्य माझ्या मसुद्यात नव्हतं, ती म्हणाली. तुमच्या बहिणीने हे खरंच सांगितलं? चूक असेल तर आता सांगा. उद्या सकाळी कोर्टाला सांगून दुरुस्ती मागता येईल.

ऐकलंत? तिने दार उघडून धरलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं — ते मी घातलं. आणि मी काय म्हणालो? ताईला मागाहून आठवलं, म्हणालो. तिचेच शब्द आहेत. का? एका तरुण मुलीने मला अर्ज लिहिता येत नाही असं समजू नये म्हणून. एवढंच कारण, दुसरं शोधून सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात ताईला विचारलं — तुम्ही परवानगी घेतली होती, हे खरं? बॅरिस्टरने नंतर मला सांगितलं, ताईने आधी त्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, यस. भावाने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं तिने धरलं. केस तिथेच संपली.

सुनंदाने वरून विचारलं, "अहो, काय झालं?"

"ताई घाबरली," मी म्हणालो. "भलतंच यस म्हणून बसली."

रात्री जेवताना नाही, नंतर नाही, कधीच मी ते वाक्य मागे घेतलं नाही. ताईलाही तेच सांगितलं — घाबरलीस, इंग्रजी प्रश्न तुला नीट कळला नाही. ती रडली आणि माझीच माफी मागितली. तू एवढं केलंस रे, मीच माती खाल्ली, म्हणाली. मी मोठ्या मनाने म्हणालो, जाऊ दे ताई, होतं असं. मोठ्या मनाने!

आपल्या इंग्रजीने घात केला, हे तिने मनावर घेतलं. सत्तरी उलटल्यावर लायब्ररीतल्या इंग्रजीच्या क्लासला जायला लागली. बस बदलून, गुडघा दुखत असताना. रविवारच्या कंपूत मी तिच्या जिद्दीचं कौतुक सांगतो. मंडळी म्हणतात, भावावर गेली.

मध्यंतरी तिचा फोन आला. क्लासमध्ये एकेकाला काहीतरी बोलायला सांगितलं होतं. जज्जपुढे काय बोलायला हवं होतं, ते तिने बोलून दाखवलं. तू पण ऐक, म्हणाली. आणि सावकाश, न अडखळता, एकेक इंग्रजी वाक्य सुटं करून ती म्हणाली — मी कुणाला विचारलं नाही. कुणी अडवलं नाही. ती आमची वाट होती.

"व्याकरण बरोबर आहे ना रे?"

"एकदम बरोबर," मी म्हणालो.

"मग झालं. थांब हं जरा, आज कचऱ्याची गाडी आहे. देवांवर रुमाल टाकून येते."

फोन तिने तसाच चालू ठेवला. घरातून डबा जाताना चाकांचा आवाज येत राहिला, आणि मी तो पुढच्या दारापर्यंत ऐकला.