आत्याची दुसरी गाठ

माझी आत्या शर्टांच्या कारखान्यात बटणं शिवायची. प्रत्येक बटणाला ती दोन गाठी मारायची. दुसरी गाठ मारायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या हातचं बटण तुटलं तर तिलाच लाज वाटायची.

एकदा मालक सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसला, "ही बाई दोन-दोन गाठी मारून माझा वेळ चोरते!" आत्याने डूख धरला. त्या दिवसापासून एकच गाठ. शेजारच्या टेबलावर बटणं शिवताना मीही तेच सुरू केलं. का नाही करणार?

पुढे बटणं तुटलेला माल परत यायला लागला, तेव्हा मालकाने सभा घेतली. सभेसाठीच्या त्याच्या नव्या शर्टाची बटणं आत्याने मुद्दाम मागून घेऊन शिवली होती. तोच शर्ट घालून तो ओरडला, "कारखाना आपला समजा, कामात जीव ओता!" आणि जोरात छाती ठोकली. मधलं बटण टपकन पडलं.

आत्याने ते उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. "दुसरी गाठ मारणार होते साहेब," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पण तुमचा वेळ चोरायची हिंमत झाली नाही."