जगाच्या आरंभी ठरलेली एसटी

देवाने जगाच्या आरंभीच सगळं ठरवून ठेवलंय, यावर आमच्या ह्यांच्या मामांइतका विश्वास खुद्द देवाचा तरी असेल का, अशी मला शंका आहे. मी चर्चमधल्या कामांच्या याद्या करणारी बाई. मामांना यादी हा प्रकारच फाजील वाटतो. "वर एकदा झालीय की यादी, सूनबाई. तू कशाला नक्कल करतीस?" बार्शीची एसटी चुकली, की ती चुकायचीच होती. मामी विचारतात, "आणि तुमी दाढीला अर्धा तास लावला, ते?" ते पण ठरलेलंच. शेंगाचटणीत मीठ जास्त पडलं, तरी ठरलेलंच. "मग तोंड कशाला वाकडं करताय?" याचंही मामांकडे उत्तर तेच.

चादरीच्या कारखान्यात जन्म गेल्यामुळे त्यांचा सिद्धांत मागावरच उभा आहे. नक्षीचे भोकं पाडलेले पुठ्ठे आधीच वर टांगलेले असतात. खाली मोर उमटतो आणि विणकराला वाटतं, मोर मी काढला. "माणसाची इच्छा म्हंजे एवढीच," मामा म्हणतात. भाकरी थापता थापता मामी म्हणतात, "आणि धागा तुटल्यावर माग कोण थांबवतं?" यावर मामा प्यायला पाणी मागतात. आदिपापाबद्दलही ते तितकेच ठाम. बाप्तिस्म्याला आणलेल्या झोपलेल्या बाळाकडे निरखून बघत, "दिसतंय गरीब, पण हाय आपल्यासारखंच पापी," असं जाहीर करतात आणि त्याच पाप्याच्या अंगावर स्वतः विणलेलं मऊ दुपटं घालतात. आमच्या चर्चच्या मंडळीतली निम्मी पोरं त्या दुपट्यांत वाढली आहेत.

हा सिद्धांत फक्त त्यांच्या मुलाला महागात पडला. नोकरीसाठी तो पुण्याला गेला, तिथल्या दुसऱ्या मंडळीत रमला आणि त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. "लहानपणचा तुम्ही दिलेला. हा मी स्वतः ठरवून घेतला," एवढंच तो म्हणाला. "तू कोण ठरवणार?" मामा ओरडले, आणि घराचं दार त्याला बंद झालं. तीन वर्षं मामी मोरीत जाऊन मुलाशी फोनवर बोलत होत्या.

नव्या वर्षाच्या उपासनेत आमच्याकडे प्रत्येकजण ताटातून बायबलमधल्या वचनाची एक चिठ्ठी उचलतो. देवाने वर्षभरासाठी दिलेलं वचन म्हणून ती जपतो. चिठ्ठ्या लिहिण्याचं काम माझं. गेल्या जानेवारीत मामांपुढे मी वेगळंच ताट धरलं. मामांनी चिठ्ठी वाचली: आपल्या माणसाशी आधी समेट कर, अशा अर्थाचं वचन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी उचलली. तेच. तिसरी. तेच.

"ठरलेलंच असेल, मामा," मी म्हटलं.

"न्हाय," ते हळूच म्हणाले. "हे तू केलंस. आणि पोराला भाईर काढलं, ते मी केलं. ते देवावर ढकलू नको."

दुपारी त्यांनी स्वतः फोन लावला. पुढच्या रविवारी मुलगा आला. दिवसभर बापलेक इच्छास्वातंत्र्यावर कडाकडा भांडले आणि मामी डोळे पुसत चहामागून चहा टाकत राहिल्या. परतीचं वेळापत्रक मी लिहून भिंतीला लावलं होतं: चहा, डबा, पाच वाजता मामांच्या स्कूटरवरून स्टँड. पाचला पाच मिनिटं असताना मामा दाढीला बसले. संध्याकाळी! मुलगा पिशवी घेऊन दारात उभा, मी डबा घेऊन त्याच्यामागे. मामा आरशात बघून सावकाश साबण फासतायत. पुण्याची गाडी गेली.

"चुकायचीच होती, बाबा," मुलगा हसत म्हणाला.

मामा बराच वेळ टॉवेलने गाल पुसत राहिले.

"न्हाय रे," ते म्हणाले. "मीच चुकवली."