पाण्याखालच्या बाजारातली भजी

आमच्या खादाडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये जागा सुचवायची एक शिस्त आहे. ज्याने तिथे बसून खाल्लं असेल, त्यानेच सांगायचं. पार्सल घरी आणून खाल्लेलं धरत नाही. आणि पत्ता असा द्यायचा, की परक्या माणसाला वाटेत कुणाला विचारावं लागू नये. ग्रुपमध्ये एक तेलाचे व्यापारी आहेत, दोन शिक्षिका आहेत, विणकर घरातली तेलुगू बोलणारी एक सून आहे. हैदराबादच्या रस्त्यावरची प्रत्येक खानावळ तिला पाठ आहे. माझं सोलापुरात भवानी पेठेत टॉवेल-चादरींचं घाऊक दुकान. मालाच्या निमित्ताने गाडी घेऊन गावोगाव जाते आणि जिथे जाते तिथे खाते. ग्रुपची अ‍ॅडमिन मीच, कारण सुप्रभातचे संदेश काढून टाकायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

ग्रुपमध्ये एक काका होते. श्रीपूरच्या साखर कारखान्यातून निवृत्त होऊन मुलाकडे, आमच्याच पेठेत राहायला आलेले. डोळे जवळजवळ गेलेले. उजेड-अंधार कळायचा, तेवढंच. ते कधी काही सुचवत नसत. उन्हाळ्यात उजनी धरणाचा साठा मायनसमध्ये गेल्याच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आपल्या आवाजात एक संदेश पाठवला.

"यष्टीच्या थांब्यावरनं सरळ खाली उतरायचं. वड उजवीकडं ठिवायचा. मारुतीचं देऊळ संपलं की डावीकडं वळायचं, तिसरा ओटा. भरल्या मिरचीची भजी, आत शेंगाचटणी. वर गुळाचा चा. फकस्त बेस्तरवारी, बाजारादिवशी."

पत्ता नमुनेदार होता. गावाचं नावही त्यांनी सांगितलं होतं. तेलवाल्यांनी लगेच नकाशा उघडला आणि त्याचं चित्र ग्रुपवर टाकलं. थांबा दिसत होता. त्याच्या खाली सगळं निळं. धरणाचं पाणी.

"काका, पाणबुडी कुठे भाड्याने मिळते?" एका शिक्षिकेने विचारलं.

"भजी तळलेली की उकडलेली?" दुसरीने.

 दुसऱ्या दिवशी सकाळी मला काकांचा फोन आला.

"ताई, मी खोटं बोललो न्हाई. त्या ओट्यावर बसून खाल्ल्यात मी."

"काका, तिथे आता पाणी आहे."

"औंदा न्हाय. औंदा समदं गाव उघडं पडलंय. माझी थोरली भैन बसती तितं, चूल मांडून. पाणी हटलं की बसतीच. औंदा हाय का न्हाय, कुणी सांगंना झालंय."

"तिला फोन करा की."

"तिच्यापाशी फोन न्हाय. असता तरी बोलली नसती. पाणी आलं तवापास्नं बोलत न्हाई ती माझ्याशी."

धरणात गाव गेलं त्याला किती वर्षं झाली, याचा मी मनात हिशेब मांडायला लागले आणि सोडून दिला.

"तुमी कुटं कुटं जाता खायला," काका म्हणाले. "एवढं बगून या. ती हाय एवढं कळलं तरी बास."

टेंभुर्णीला माझं एक गिऱ्हाईक होतंच. गुरुवारी माल उतरवला आणि करमाळ्याच्या बाजूला गाडी वळवली.

थांबा सापडला. शेडमध्ये कुणी नव्हतं. डांबरी रस्ता शेडपासून सरळ खाली उतरत होता आणि गाळात शिरत होता. गाडी वरच ठेवली. भर दुपार होती. पायाखाली गोगलगायींच्या कवचांचा चुरा होत होता, तेवढाच आवाज. वाळलेल्या शेवाळाचा आणि माशांचा वास. फोन काढून बघितला तर निळ्या पाण्याच्या मधोमध माझा निळा ठिपका. नकाशाच्या मते मी केव्हाच बुडाले होते.

वड म्हणजे हाडासारखं पांढरं पडलेलं खोड होतं. मी तो उजवीकडे ठेवला. पुढे मारुतीचं देऊळ, काळं, शिखराला शिंपले चिकटलेले. घरं नव्हतीच. भिंतींचे दगड जमिनीलगत रेघांसारखे उरले होते आणि अधूनमधून ओटे. अशा उघड्या माळावर पन्नास पावलांवरचं माणूस दिसतं. मला माणसं दिसली. सगळी म्हातारी. ती चालत होती, पण सरळ चालत नव्हती. मोकळ्या जागेत एकदम काटकोनात वळत होती. आडवं जायला काही अडचण नसताना लांबून जात होती. एक बाई चालता चालता थांबली, पदर सावरला, मान खाली घालून वाकली, पाय उचलून काहीतरी ओलांडलं आणि पुन्हा ताठ होऊन निघाली. तिच्या डोक्यावर फक्त आभाळ होतं.

देवळापुढच्या पटांगणात बाजार भरला होता. माणसं पोती अंथरून ओळीने बसली होती. पोत्यांवर काही नव्हतं. एका आजोबांनी पुढ्यात तागडी ठेवली होती, दोन्ही पारडी रिकामी.

"काय विकता?" मी विचारलं.

"ज्वारी विकत हुतो."

"आणि आता?"

"आता बसतो," ते म्हणाले. "ही माझी जागा हाय."

 तिसऱ्या ओट्यावर धूर दिसत होता. मी त्या दिशेने सरळ निघाले.

"अगं ए बाई!" ओट्यावरून आवाज आला. "भिंतीतनं काय येतीस? दारातनं ये की!"

मी जागच्या जागी उभी राहिले.  मग मागे फिरले, दगडांच्या रेघेला वळसा घातला, जिथे रेघ तुटली होती तिथून आत गेले. जाताना मीही मान वाकवली. का, ते मला सांगता येणार नाही.

म्हातारी सडपातळ, काळीसावळी, हात भलते चपळ. कढई तीन दगडांवर. मिरचीला उभी चीर, आत शेंगाचटणी, पिठात एक बुडी आणि तेलात. पानावर चार भजी आली. बाहेरून कडक, आतून तिखट, आणि शेंगदाण्याचा तो आमच्या सोलापुरी जिभेला लगेच कळणारा तेलकट गोडवा. भजी उत्तम होती. ओवा थोडा जास्त.

"वाट कुणी दावली?"

मी पत्ता जसा ऐकला तसा म्हणून दाखवला.

"असं सांगनारा आता एकच उरलाय," ती म्हणाली. "डोळं गेलं म्हनं त्याचं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मानसं सांगत्यात. ह्या चुलीचं सांगितलं का न्हाई त्यानं?"

"नाही."

"पाणी येशीपतुर आलं, तवा मी तळत हुते. शेवटचा बाजार. गिऱ्हाइकं पानं घिऊन बसल्याली. ह्यो आला, घागर उचलली आन पेटत्या चुलीवर वतली. चल म्हनला, हात धरून वढत नेलं. पाण्यानं इझवलीच असती की माझी चूल. त्याला कशाला घाई?"

"आजी, त्यांनी तुमचा जीव वाचवला."

"व्हय की. न्हाई कोन म्हनतंय?"

मी काकांसाठी चार भजी बांधून मागितली. तिने झाऱ्यानेच नको म्हटलं.

"हितं बसून खायाची. ये म्हनावं. आन पाणी चढायच्या आत ये म्हनावं."

निघताना मी दारातून निघाले. बाजार अजून बसलेलाच होता.

संध्याकाळी काकांना सांगितलं, बहीण आहे, धडधाकट आहे. 

"भजी?"

"देत नाहीत. येऊन खा म्हणाल्या. पाणी चढायच्या आत."

"मंग न्या मला."

"काका, तिथे चांगलं दिसणाऱ्याचा पाय मुरगळेल."

"ताई, तितं मला डोळं कशाला लागत्यात?"

त्यांच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, तुमच्या जबाबदारीवर न्या. त्या आठवड्यात सोलापुरात थेंब नव्हता, पण पुण्याकडची धरणं भरून नदीला पाणी सुटल्याची बातमी आली. उजनीचं असंच आहे. पाऊस तिकडे पडतो, पाणी इकडे चढतं. काका रोज सकाळी फोन करून एकच विचारायचे, "कितीवर आलंय?" मी बातमी वाचून दाखवायचे. गुरुवारच्या आधी जाऊ म्हटलं, तर ऐकेनात. "बाजार बेस्तरवारी असतो."

गुरुवारी थांब्यावर गाडी उभी केली आणि खाली बघितलं. रस्ता पूर्वीसारखाच खाली उतरत होता, पण आता पाण्यात शिरत होता. वारा नव्हता. पाणी मातकट आणि सपाट, त्यावर वडाचं पांढरं खोड, काळं देऊळ. पोती बगलेत मारून बाजारातली माणसं काठावर ओळीने उभी होती.  आत फक्त तिसरा ओटा पाण्याच्या वर होता आणि त्यावरून धूर निघत होता.

"काका, पाणी आलंय. परत फिरू."

"धूर हाय का?"

खोटं बोलायला हवं होतं. "आहे," मी म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. मी त्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनीच माझं मनगट धरलं.

पाणी आधी घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. खालचं काही दिसत नव्हतं. ना त्यांना, ना मला. मी चाचपडत होते. ते गल्लीतून चालावं तसे चालत होते. वडाशी वळले. देवळाशी क्षणभर थांबून नमस्कार केला, आणि तोंड बरोबर देवाकडे होतं. पुढे एका ठिकाणी ते अचानक थांबले, अंग चोरून एका बाजूला झाले आणि मलाही ओढलं.

"जाऊ द्या तिला. डोक्यावर वझं हाय."

समोर कुणी नव्हतं. नुसतं पाणी. मी बाजूला झाले. थोडा वेळ आम्ही तसेच उभे राहिलो. माझ्या पायांना पाण्याची हालचाल लागली, बाजूने कुणी गेल्यावर लागते तशी. मासा असेल. मी त्यांना विचारलं नाही. मग ते निघाले.

ओट्याजवळ ते डावीकडे गेले, मान वाकवली, पाय उचलून उंबरा ओलांडला. माझा पाय मात्र त्या दगडाला ठेचला. उंबरा होता तर.

म्हातारीने वर बघितलं नाही.

"दारातनं आलास का?"

"व्हय."

"बस."

ते बसले. तिने पान पुढे सरकवलं. ते सावकाश चावत राहिले. तिने आणखी दोन मिरच्या तेलात सोडल्या.

"मीठ?"

"बरुबर हाय."

"ओवा?"

"जास्ती झालाय, आक्का."

"झालाय," ती म्हणाली. "अंदाज चुकतोय माझा आताशा."

एवढंच. मला वाटलं होतं काही बोलतील, रडतील. तिने चहाचा पेला त्यांच्या हातात दिला आणि बोटं नीट त्याभोवती बसवली. तोपर्यंत पाणी ओट्याच्या कडेला लागलं होतं. ते चढताना दिसत नव्हतं. प्रत्येक वेळी बघितलं की आधीपेक्षा वर असायचं.

"आता निघायचं," मी म्हणाले. "दोघांनीही."

काकांनी उठायला म्हणून हाताने चाचपलं आणि हात घागरीला लागला. घागर भरलेली होती. चूल तिथेच, हातभरावर, लालभडक. म्हातारी त्यांच्या हाताकडे बघत होती. मीही. हात घागरीच्या काठावर तसाच राहिला. मग त्यांनी घागर हळूच आपल्या पाठीमागे सरकवली.

"ऱ्हाऊ दे पेटती," ते म्हणाले.

म्हातारीने लगेच कढई उतरवली. तेल गरम होतं, म्हणून मी तिला ते ओतून द्यायला लावलं. कढई तिने पाण्यात बुडवून गार केली, डोक्यावर पालथी घेतली, काकांचा दुसरा हात धरला. आम्ही तिघं दारातून बाहेर पडलो आणि तशीच वळणं घेत काठाकडे निघालो. पाणी आता गुडघ्याच्या वर होतं. सरळ गेलो असतो तर निम्म्या वेळात पोचलो असतो. कुणी तसं सुचवलं नाही. मीसुद्धा नाही.

काठावर आल्यावर काकांनी विचारलं, "हाय का अजून?"

"मागं बघू नगंस," म्हातारी म्हणाली. ज्याला दिसत नव्हतं त्याला.

मी बघितलं. ओटा दिसत नव्हता. पाणी इकडून तिकडे सपाट झालं होतं, आणि त्यातून एका जागी धूर सरळ वर जात होता. काठावरची माणसं एकेक करून पाठ फिरवून निघाली होती. मी धूर संपेपर्यंत थांबले नाही. त्या दोघांचे कपडे भिजलेले होते आणि मला अंधाराच्या आत सोलापूर गाठायचं होतं. म्हातारी गाडीत मागे बसली, कढई मांडीवर घेऊन. वाटेत तिच्या नव्या गावठाणापाशी गाडी थांबवली, तर ती उतरेना. "ह्याच्याकडं पीठ चाळायचं हाय," म्हणाली. भवानी पेठेत तिला उतरवून घेतलं, तेव्हा मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता.

रात्री ग्रुपवर लिहिलं, की जागा खरी आहे, मी बसून खाल्लं आहे.

"लोकेशन टाका," तेलवाले म्हणाले.

टाकलं. पुन्हा तेच निळं.

"अ‍ॅडमिनपण बुडाल्या!"

मी वाद घातला नाही. काकांचा पत्ता शब्दाला शब्द लिहिला. भजीला दहापैकी नऊ दिले, एक गुण ओव्याचा कापला. आणि खाली, नव्याने जाणाऱ्यांसाठी सूचना टाकली: पाणी हटल्यावरच जावे. गुरुवारीच. बाजारातून आडवे जाऊ नये, दारातून जावे. वाटेत कुणी समोरून आल्यास बाजूला व्हावे.