बैलगाडीसाठी ठिकाण बघायला: डहाणू, झाई, तलासरी

त्या गुरुवारी सकाळी पूजा आटोपून मी दोन बादल्या पाणी घेऊन घरामागच्या मांडवात गेलो आणि बैलगाडीच्या चाकांवर ओतलं. लाकूड सुकलं की आक्रसतं आणि चाकावरची लोखंडी धाव सैल होते. वडील होते तोवर ते चाकं भिजवायचे, ते गेल्यावर मी भिजवू लागलो. बैल विकून काही वर्षं झाली होती. शेताला ट्रॅक्टर येतो, वाणगावच्या बाजारात भाजी टेम्पोने जाते. गाडी दसऱ्यापुरती बाहेर यायची, हळदकुंकू लावून घ्यायची आणि परत मांडवात जायची.

माझा मेहुणा प्रकाश याने दिवाळीत बोर्डीच्या एका रिसॉर्टवाल्याजवळ या गाडीचा विषय काढला होता. त्या गृहस्थांना जुन्या वाहनांचा शौक. होड्या, रेल्वेचे कंदील, टांग्याचे दिवे असं बरंच जमवून त्यांनी पाहुण्यांसाठी मांडलं आहे. गाडी न्यायला रविवारी टेम्पो पाठवतो, असा निरोप आला. मी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. आधी जागा बघतो, एवढंच म्हणालो. २०१७ सालच्या डिसेंबरातली आमची दोन दिवसांची सहल झाली ती अशी. निघताना बायको म्हणाली, मुलीचं स्थळ बघायला चालल्यासारखे इस्त्रीचे कपडे काय घातलेत.

प्रकाशच्या मोटारसायकलवरून आधी डहाणूगाव गाठलं. रेल्वेने येणाऱ्यांना डहाणू रोड स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळते. खाडीच्या काठावर जुन्या किल्ल्याची काळ्या दगडाची तटबंदी आहे. मोठा गड बघायच्या अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल. पण भिंतीपाशी उभं राहून खाडीकडे पाहिलं की किल्ला इथेच का बांधला ते सांगावं लागत नाही. येणारीजाणारी प्रत्येक होडी समोरून जाते. भरतीच्या वेळी जा. ओहोटीला नुसता चिखल दिसतो, आणि बोटी त्यात कलंडून पडलेल्या असतात.

तिथून सुरूच्या झाडांमधून किनाऱ्याकिनाऱ्याने बोर्डीचा रस्ता जातो. एसटीही आहे, पण या रस्त्याला आपलं वाहन हवं, मनाला येईल तिथे थांबता येतं. एका वाडीच्या फाटकापाशी चिकू घेतले. विकणाऱ्या बाईंनी प्रकाशशी गुजरातीत भाव केला आणि माझ्याशी मराठीत. मला मराठीतला भाव जास्त पडला, यावर तो बोर्डीपर्यंत हसत होता.

रिसॉर्टचे मालक सज्जन निघाले. स्वतः फिरून दाखवलं. लाकडी होडीला तेल लावलेलं, कंदील लख्ख पुसलेले, प्रत्येक वस्तूखाली ती कुठून आणली याची मराठीत पाटी. मुलं नांगराची साखळी उचलून बघत होती. बाहेरच्यांनाही थोडं तिकीट काढून बघता येतं. बघाच, मी तर म्हणेन मुलांना घेऊन जा.

हिरवळीवर एक बैलगाडी होती. तिच्या जोडीला त्यांना आमची हवी होती. सवयीने मी जू धरलं आणि गाडी जरा पुढे ओढायला गेलो. गाडी जागची हलली नाही. खाली वाकून पाहिलं तर दोन्ही चाकं वीतभर सिमेंटमध्ये बसवलेली.

मालक म्हणाले, "लोक फोटोला वर चढतात हो. गाडी उलटली तर कुणाचा हातपाय मोडायचा."

त्यांचं बरोबर होतं. मी जू सोडलं. त्यांनी रविवारच्या टेम्पोचं विचारलं तेव्हा प्रकाशच मध्ये बोलला, "पाठवा टेम्पो. भावजींचं विचार करणं आयुष्यभर चालू असतं." रात्री बोर्डीला एका घरगुती खानावळीत जेवलो. गुरुवार म्हणून मी वरणभात घेतला. प्रकाशने पापलेट घेतलं आणि माझ्या ताटाकडे बघून हळहळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाईला गेलो. गुजरातच्या हद्दीला लागून असलेलं हे मच्छीमारांचं गाव तलासरी तालुक्यात येतं. किनाऱ्यावर एका होडीची दुरुस्ती चालली होती. कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत होते, नाळ म्हणजे पुढचं टोक तेवढं जुनंच. काम करणाऱ्या सुतारांना विचारलं तर म्हणाले, नाळ आजोबांच्या वेळची आहे, बाकी सगळी होडी बदलत आली. मग ही होडी जुनी म्हणायची की नवी, असं प्रकाशने विचारलं. "उद्या पाण्यात जाणार," एवढंच म्हणून ते परत कामाला लागले.

झाईहून आत वळून तलासरी आणि पुढे उधव्याच्या बाजूला गेलो. समुद्र मागे राहतो आणि चढउतार सुरू होतात. भात कापून झालं होतं. एका उतारावर एक माणूस आणि त्याची बायको डोक्यावरून भाताचे भारे रस्त्याकडेच्या खळ्यावर आणत होती. शेजारी बैलजोडी नुसती बांधलेली. पाणी मागायला थांबलो. माणसाचं नाव लहानू. इकडे लहानथोर सगळ्यांना अरेतुरे चालतं, त्यात अपमान नसतो. गाडी नाही का, असं मी विचारलं. गाडीचा कणा, म्हणजे चाकांमधला आस, मोडला, मग चाकंही गेली, असं तो म्हणाला. चाक करणारा आता जवळपास कुणी राहिला नव्हता. शेतातून खळ्याकडे येणाऱ्या त्या उताराच्या वाटेने ट्रॅक्टर येत नाही.

मी म्हटलं, माझ्याकडे गाडी आहे, बैल नाहीत.

लहानूच्या बायकोने भारा खाली ठेवला. म्हणाली, "मग तू तिला कशाला बसवून ठेवलंस?"

प्रकाशने मोटारसायकल सुरू केली. परतताना विवळवेढ्याला हायवेलगत महालक्ष्मीच्या देवळात थांबलो. लहानपणी आमच्या याच बैलगाडीतून आम्ही यात्रेला यायचो, वडील हाकायचे आणि आम्ही मागे पेंढ्यावर. देवीपुढे उभा राहिलो तेव्हा काय मागायचं ते सुचेना. वडिलांची वस्तू नीट राहावी असं मागणार होतो. नीट म्हणजे कशी, हेच आता मला सांगता येत नव्हतं. नारळ फोडला आणि बाहेर आलो. पायऱ्यांवरच प्रकाशला सांगितलं की टेम्पो नको.

तो म्हणाला, "मी शब्द दिलाय, भावजी. माझी काय पत राहील तिथे?"

त्याच्या फोनवरून मी स्वतः मालकांशी बोललो, माफी मागितली. ते म्हणाले, होतं असं. प्रकाश मात्र मला घरी सोडून चहालाही थांबला नाही. संक्रांतीला त्याच्याकडून तिळगूळ आला, तो आला नाही. हे दुखणं अजून आहे.

आता या लेखात डहाणूचा किल्ला आणि बोर्डीचं दालन वाचून तिकडे निघणाऱ्यांनी जरूर जावं. ज्या वस्तूंचं काम संपलं आहे, त्यांना तिथे चांगलं घर मिळालं आहे. आमच्या गाडीचं काम संपलं नव्हतं. तिला चढउताराची वाट आणि बैल हवे होते, आणि ते माझ्याकडे नव्हते.

त्या रविवारी मीच टेम्पो ठरवला, गाडी चढवली आणि लहानूच्या खळ्यावर नेऊन उतरवली. त्याने बैल जुंपले. मी जुवावर कुंकवाचं बोट लावलं आणि कासरा त्याच्या हातात दिला.