येळवशीला चुकलेली कोप

"येळवशीला ये, आमची पहिलीच हाय," मंगल फोनवर म्हणाली आणि मी सुट्टी टाकली. मंगल माझी हॉस्टेलची मैत्रीण, आता लोहाऱ्याजवळ शेती करते. थोरल्या दिरापासून वाटणी झाल्यावर स्वतःच्या रानातली तिची ही पहिलीच वेळा अमावस्या. एरवी गप्प न बसणारी मंगल हळूच म्हणाली, "सगळी मोठ्या घरलाच जात्यात गं. आमच्याकडं कोण फिरकतंय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, लोहाऱ्याकडची गावंच्या गावं रानात जेवायला जातात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभारायची, आत पूजा मांडायची आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालायचं.

पुण्याहून रात्रीत सोलापूर गाठलं, तिथून सकाळच्या एसटीनं लोहाऱ्यात उतरले तर बाजार बंद, चहाची टपरीसुद्धा. एरवी माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जिपा रिकाम्या उभ्या. सासरवाडीला निघालेल्या एका जीपवाल्यानं फाट्यावर सोडलं आणि सणाचं भाडं घेईना. तुम्ही जाणार असाल तर आदल्या दिवशी पोचा आणि सकाळी नाश्ता टाळा.

मंगलनं खूण दिली होती: बाभळीपासून आत वळ, समोर कडब्याची कोप दिसंल. वळले, तर जिकडं बघावं तिकडं कोप. येळवशीच्या दिवशी कोपीची खूण सांगणाऱ्या मैत्रिणीला काय म्हणावं? त्यात फोनला रेंज नाही. पहिल्या शेतात वाट विचारली तर हातात ताकातल्या आंबट आंबिलीचा तांब्या आला. दुसऱ्या शेतात भज्जी, म्हणजे डाळी-पालेभाज्यांची घट्ट भाजी, आणि बाजरीचे उकडलेले उंडे. "आधी खावा ताई, वाट कुठं पळून जातीया?" असं म्हणणाऱ्या माणसांपुढं काय चालणार? शेवटी मंगलच्या घरचं आडनाव सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी एकाच चिंचेकडं बोट दाखवलं.

चिंचेखाली पंगत बसली होती. "मंगलचं शेत हेच ना?" मी विचारलं. पानं वाढणारी एक बाई कंबर सरळ करत म्हणाली, "ह्ये आमचं. म्या तिची थोरली जाऊ. तिचं वड्यापल्याड."

"ती वाट बघत असेल. तिला वाटतंय, कुणी येणारच नाही." तोंडून निघून गेलं. परक्या घरात एवढा आगाऊपणा मला शोभत नव्हता.

"हाक तर मारायची की तिनं," जाऊबाई म्हणाल्या. मग उंड्यांचा डबा उचलून पंगतीला ऐकू जाईल असं बोलल्या, "पावणीला वाट दावून येते."

ओढ्यापलीकडची कोप तिथून स्वच्छ दिसत होती. मी एकटी सहज गेले असते, पण मुकाट्यानं त्यांच्यामागं चालले. आमच्या मागं सुना निघाल्या, त्यांच्या मागं पोरंटोरं.

मंगल भरल्या पातेल्यापाशी बसली होती. आम्हाला बघून उठली. बोलली माझ्याशी, बघत होती जावेकडं. "वाट चुकलीस व्हय गं?"

"चुकली ती. सोडायला आले," जाऊबाई म्हणाल्या.

"मग बसा की, अक्का."

अक्का बसल्या. मंगलनं न विचारता दोनदा भज्जी वाढली, त्यांनी दोन्ही वेळा खाल्ली. माझं पोट तुडुंब होतं, तरी मीही जेवले. फार बरं वाटलं.

पुण्यात येऊन आठवडा झाला. घरी आंबील करून बघितली, पण ती चव काही आली नाही. काल मंगलचा फोन आला, पुढच्या येळवशीचं आत्ताच आमंत्रण. म्हटलं, आता वाट पाठ झालीय, सरळ तुझ्याकडंच येते.

"न्हाय न्हाय," ती म्हणाली, "आधी अक्काकडंच जा. वाट इचार."