मशीनला ओवाळणाऱ्या दगडाबाई

दगडाबाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका खंडेनवमीला. चितेगावच्या शाळेतली मुलं घेऊन मी जवळची कागद गिरणी दाखवायला गेलो होतो. मशीनला झेंडूच्या माळा घातलेल्या, शेठ हात जोडून उभे, आणि रद्दीच्या ढिगावरून उठून आलेल्या एक ठेंगण्या बाई पदराला हात पुसून मशीनला ओवाळत होत्या. मग त्यांनी शेठच्या आणि मॅनेजरच्या कपाळाला कुंकू लावलं.

"मावशींचा हात लागल्याशिवाय मशीन हलत नाही," शेठ मुलांना म्हणाले.

दगडाबाई लाजल्याबिजल्या नाहीत. पुन्हा ढिगावर जाऊन बसल्या. रद्दीतल्या टाचण्या आणि प्लास्टिक वेगळं काढायचं, हे त्यांचं रोजचं काम.

गेल्या वर्षी गिरणी बंद पडली. कायम कामगारांचा हिशेब झाला. रद्दी निवडणाऱ्या बायकांना सांगितलं गेलं, तुम्ही ठेकेदाराच्या. ठेकेदाराचा फोन बंद. इथं काम केलं हे गिरणीनं कबूल केलं तरच काही हाती लागणार होतं. म्हणून दगडाबाई चार बायका आणि साक्षीला मला घेऊन गेटवर गेल्या.

तोच मॅनेजर बाहेर आला. "ह्या कोण?"

"व्हय का, साहेब? मग दरसाली तुमच्या कपाळाला कुंकू कुणी लावलं, भुतानं?"

बायका हसल्या. तो हसला नाही. "गुरुजी, तुम्ही समजदार आहात. ह्या बाई आमच्याकडं कधीच नव्हत्या." इतक्या गोड आवाजातलं खोटं मी कधी ऐकलं नव्हतं.

आम्ही वळलो, तशी त्यानं हाक मारली. "मावशी, परवा इथं नव्या गोदामाची पूजा आहे. शेठ म्हणाले, आपल्याकडच्या सगळ्यांत जुन्या सवाष्णीलाच बोलवा. साडी देऊ."

"जुनी? मी तर इथं कधी नव्हतेच की!"

"तसं नाही हो, मावशी..."

"आन् मावशी कुणाची रं?" त्या पचकन थुंकल्या, त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर. "चला गुरुजी, लई घाण हाय इथं."

शाळेत थुंकणाऱ्या पोरांना मी अंगण झाडायला लावायचो. त्या दिवशी त्यांच्या मागोमाग चालू लागलो.

पूजेला त्या गेल्या नाहीत. गिरणीकडून अजून काही मिळालेलं नाही. सध्या त्या पुंडलिकनगरातल्या एका मेसमध्ये पोळ्या लाटतात.